गुरुपादप्पांची सही

मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवला, मी दिलेला अर्ज मांडीवरच्या पाटीवर सपाट केला आणि मालकांची, गुरुपादप्पांची, सही केली. पहिलं अक्षर मोठं, मग एक लांब लाट आणि शेवटी खाली ओढलेली शेपटी. एवढ्या झोकातली सही मी जन्मात पाहिली नव्हती. अडतीत उन्हाच्या पट्ट्यात तुरीची धूळ तरंगत होती, बाहेर हमाल पोत्यांना हूक लावत होते, माझ्या नाकात एक शिंक येऊन अडकून बसली होती, आणि मी मनातल्या मनात चक्क टाळी वाजवली. आप्पा मागच्या खोलीत जरा आडवे झालेत, त्यांना कशाला उठवायचं, असं मुनीमजी म्हणाले. त्यांचं नाव बसवंत, पण सगळं मार्केट यार्ड त्यांना मुनीमजीच म्हणतं. शेवटी शिंक आली. मुनीमजी म्हणाले की सही खरी ठरली. मी हसले, अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सायकलवर टांग मारली. गंजगोलाईच्या गोल चौकाला एक जास्तीचा फेरा मारला, उगीच, कारण पाचवी सही झाली होती. पाचपैकी पाच. मला कुठल्याही विषयात पैकीच्या पैकी मिळाले की फेरा मारावासाच वाटतो.

त्या पाच सह्यांची सुरुवातीला मला गंमतच वाटली होती. माझी अम्मी, ॲडव्होकेट जोहरा, नोटरी होण्यासाठी अर्ज करत होती. तिच्या वकिलीला दहा वर्षं पुरी झाली होती. नोटरीच्या नियमांचं एक बारकं इंग्रजी पुस्तक तिनं आणलं होतं आणि डिक्शनरी घेऊन ते मी तिच्याआधी वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं की अर्जावर एक मॅजिस्ट्रेट, राष्ट्रीयीकृत बँकेचा एक मॅनेजर, एक व्यापारी आणि जिथं काम करायचं त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी यांनी सह्या कराव्यात. प्रतिष्ठित म्हणजे कोण, यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली. अब्बांचं गोलाईत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. ते म्हणाले, अर्ध्या लातूरला वेळ मी दाखवतो, माझ्याहून प्रतिष्ठित कोण आहे. अम्मी म्हणाली, नवऱ्याची प्रतिष्ठा बायकोच्या अर्जाला चालत नाही. मग तिनं उमादेवी डॉक्टरांना विचारलं, ज्यांच्या दवाखान्यात मी जन्मले, आणि आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका रुद्राणीबाईंना. व्यापारी मात्र तिनं पहिल्या दिवशीच ठरवला होता. गुरुपादप्पा. फोनवर आप्पा एवढंच म्हणाले होते की कागद पाठवून द्या, बघतो. म्हणून मी गेले. अम्मीचं कोर्ट होतं आणि मला सायकल होती. त्या वर्षी मला कुठंही पाठवलं तरी मी जात होते. नववीपर्यंत वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझे कान गरम व्हायचे, आणि दहावीत काय झालं कुणास ठाऊक, एका सकाळी उठले तर भीती अंगातून निघूनच गेली होती, ताप उतरतो तशी. शाळेचे आणि क्लासचे सर, भाजीवाल्या, कोर्टातले शिपाई, सगळ्यांशी मी नुसती बोलत सुटले होते.

भूकंपाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत लातूरचं नाव पेपरात दोन कारणांनी आलं, आधी भूकंपानं आणि मग बोर्डाच्या गुणवत्ता यादीनं. आमच्या गल्लीत ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते त्यांनी ते बुजवून वर खोल्या चढवल्या आणि त्या खोल्यांत चाकूर, निलंगा, अहमदपूरची मुलं राहायला आली. पहाटे पाचला क्लासची पहिली बॅच, रविवारी चाचणी, आणि चाचणीच्या पेपरावर पालकाची सही घेऊन सोमवारी परत. चाकूरच्या पुनमचे वडील, भागवतकाका, महिन्यातून एकदा येणार, मग सोमवारी सही आणायची कुठून? सही मी करायची. पहिल्यांदा केली तेव्हा पुनम पोट धरून हसली. वडलांना ती दादा म्हणायची. म्हणाली, आमच्या दादांना पन येत न्हाई गं एवढी भारी सही. नंतर तिच्या खोलीतल्या बाकीच्या तिघींच्या घरच्यांच्याही मीच करायला लागले. एकदा, सायन्समध्ये कमी पडले तेव्हा, अम्मीचीही केली. त्यात काही चूक आहे असं मला वाटलं नाही. मला ती चित्रकला वाटत होती. प्रत्येक सहीला एक चाल असते, माणसाच्या चालण्यासारखी, ती एकदा हाताला सापडली की झालं. म्हणून मुनीमजींनी पेन उचललं तेव्हा मी सही पाहत होते, ती कुणाच्या हातून होतेय ते मला दिसलंच नाही.

दिसलं ते दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, स्वयंपाकघरात. अम्मी चपात्या लाटत होती आणि मी ओट्याला टेकून तिला नियम विचारत होते. हे मीच सुरू केलं होतं. पुढे मुलाखतीला बोलावलं तर हाताशी असावीत म्हणून सगळ्या नियमांची मी आमच्या क्लाससारखी एका वाक्यातली प्रश्नोत्तरं केली होती. नोटरीचा शिक्का कसा असतो? गोल. नोंद कशात करायची? रजिस्टरात, अनुक्रमानं. नेमून दिलेल्या भागाच्या बाहेर जाऊन काम करता येतं का? नाही. अम्मी फटाफट उत्तरं देत होती, मी पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करत होते, तवा तापला होता, मला भूक लागली होती, आणि मी पुढचा प्रश्न वाचला. नोटरी कशाची खात्री देतो? अम्मीनं चपाती उलटली. म्हणाली, "कागदावरचं सगळं खरं आहे याची नाही. हा माणूस समक्ष आला, मी त्याला ओळखून घेतलं आणि सही त्यानं स्वतःच्या हातानं केली. एवढ्याचीच. पण एवढं मात्र शंभर टक्के." मी पेन्सिल उचलली आणि खूण केलीच नाही. अडतीतल्या गादीवरचा मुनीमजींचा हात माझ्या डोळ्यांपुढं आला. जाडसर, मनगटापाशी पांढरे केस, करंगळीत चांदीचं वेढं. तो हात आप्पांचा नव्हता. आप्पांना तर मी पाहिलंही नव्हतं. अम्मी म्हणाली, पुढचा प्रश्न. मी म्हणाले, संपले. अजून नऊ होते.

तो दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. वर्तुळाचं प्रमेय चाललं होतं आणि सरांनी फळ्यावर काढलेलं प्रत्येक वर्तुळ मला शिक्क्यासारखं दिसत होतं. मनात मी सारखी वकिली करत होते, माझ्याच बाजूनं. अडतीत सगळे असंच करतात. शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या, पावत्या, सगळ्यावर मुनीमच मालकाची सही ओढतो, मार्केटला ठाऊक आहे. आप्पा फोनवर हो म्हणालेच होते जवळजवळ. कोण तपासणार आहे? अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या कार्यालयात सोमवारी पाचच्या आत द्यायचा होता. बँकेचे मॅनेजर सही करून लगेच रजेवर नांदेडला गेले होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांसाठी अम्मी तीन दिवस चेंबरबाहेर उभी राहिली होती. मी तोंड उघडलं तर सगळं नासणार होतं. आणि नाही उघडलं तर अम्मी नोटरी होणार, आयुष्यभर लोकांना समक्ष या, समक्ष या म्हणणार, आणि तिच्या स्वतःच्या अर्जावरची पाचवी सही समक्ष नाही हे मला एकटीला माहीत असणार. मुनीमजींना होतं, पण ते विसरून गेले असतील. मी विसरणाऱ्यांतली नाही, पाठांतर माझं चांगलं आहे, हाच माझा प्रॉब्लेम. मधल्या सुट्टीत पुनमनं डबा पुढं केला तर मला तिच्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास सहन होईना.

आणि मधूनच धोंडाबाई यायची. समोर नाही, आठवणीत. मी दहा वर्षांची असताना ती आमच्या घरी आठ दिवस राहिली होती. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावची. भूकंप झाला त्या दिवशी ती निलंग्याला लेकीकडे गेलेली, म्हणून वाचली. इकडे तिच्या घराच्या जागी कुणातरी बाईचं प्रेत सापडलं, हिरवं लुगडं होतं म्हणून ती धोंडाबाईच ठरली, पंचनामा झाला, दोन पंचांनी सह्या केल्या आणि धोंडाबाई मयतांच्या यादीत गेली. नवीन गावात घरं वाटायची वेळ आली तेव्हा कळलं की मेलेल्या बाईला घर नाही. अम्मीनं तिचं काम एक पैसा न घेता घेतलं. आधी एक शपथपत्र करायचं होतं की मी जिवंत आहे. अम्मी तिला कोर्टापुढच्या एका म्हाताऱ्या नोटरीकडे घेऊन गेली, मलाही बरोबर नेलं होतं. त्यांच्यापुढं केवढी रांग, त्या दिवसांत सगळ्यांचेच कागद गाडले गेलेले. नोटरीनं मान वर न करता विचारलं, मयताचा दाखला जोडलाय का? धोंडाबाई म्हणाली, "मीच मयत हाय, सायेब." रांगेतले लोक हसले, मीही हसले. नोटरीनं तरी वर पाहिलं नाही, शिक्का मारला आणि कागद पुढं सरकवला. अम्मी हसली नव्हती. घरी येताना ती धोंडाबाईचा हात धरून चालत होती, माझा नाही. मला त्याचा राग आला होता.

संध्याकाळी अम्मी कोर्टातून आली, पाणी प्यायली, तिनं काळा कोट खुंटीला लावला आणि मी सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका वाक्यात उत्तर द्यावं तसं. आमच्या घरात दखनी उर्दू चालते, बाहेर मराठी, आणि अम्मी गंभीर झाली की घरातही मराठी, तेही कोर्टातलं. तिनं विचारलं, "सही होताना तू पाहत होतीस?" मी हो म्हणाले. "काही बोलली का नाहीस?" मला खोटं सुचलंच नाही. मी म्हणाले, "मला आवडली होती सही." मला वाटलं आता गालावर बसणार. तिच्या नाकपुड्या हलल्या आणि क्षणभर मला वाटलं ती हसेल, पण ती हसलीही नाही. तिनं कपाटातून अर्ज काढला, चार खऱ्या सह्यांवरून अंगठा फिरवला आणि वरच्या कोपऱ्यात रद्द असं लिहिलं. मी म्हणाले की फक्त शेवटची खोडून शेजारी आप्पांची घेतली तर नाही चालणार का. अम्मी म्हणाली की ज्या कागदावर एक सही खोटी आहे, त्याच कागदावर या चार भल्या माणसांना कशाला बसवायचं. मग नवीन अर्ज काढून ती टेबलाशी बसली आणि मला म्हणाली की जेवून घे, सकाळपासून जेवलेली दिसत नाहीस. मी जेवले. तीन चपात्या जेवले. जेवताना रडतही होते आणि भूकही लागलेली होती, दोन्ही एकाच वेळी.

शुक्रवारी मॅजिस्ट्रेटसाहेबांची सही पुन्हा झाली, डॉक्टरांची झाली, रुद्राणीबाईंनी तर सही करण्याआधी माझ्या इंग्रजी शब्दांचे अर्थ तपासले. शनिवारी आम्ही दोघी एसटीनं नांदेडला गेलो, मॅनेजरांसाठी. खिडकीशी मी, शेजारी अम्मी, मांडीवर पिशवी. चाकूर मागे पडलं तेव्हा मला भागवतकाका आठवले आणि मी त्या चाचण्यांच्या सह्यांचंही सांगून टाकलं, अम्मीच्या स्वतःच्या सहीसकट. एकदा सांगायला लागलं की सोपं जातं. अहमदपूरला अम्मी म्हणाली की यापुढं माझा पेपर ती स्वतः बघेल, आणि पुनमनं वडलांना स्वतः पत्र लिहायचं. त्याहून जास्त काही नाही. नंतर लोह्याच्या आसपास, बाहेर ज्वारीच्या रानांत ऊन पसरलेलं असताना, तिनं मला ते सांगितलं जे मी विचारलं नव्हतं. की गुरुपादप्पाच का. धोंडाबाईच्या पंचनाम्यावरच्या दोन पंचांपैकी एक गुरुपादप्पा होते. भूकंप झाला त्याच दिवशी ते ट्रकभर भाकरी आणि चादरी घेऊन गेले होते. तिथं पंच मिळेनात, तर जमादारानं त्यांना बसवून घेतलं आणि ते दिवसभर सह्या करत राहिले. पुढं धोंडाबाईची केस उभी राहिली तेव्हा दुसरा पंच म्हणाला, मला आठवत नाही. आप्पा मात्र बोलावणं नसताना तहसीलला आले आणि त्यांनी लिहून दिलं, सही माझी आहे, पण मी तोंड पाहिलं नव्हतं. त्या एका कागदावर धोंडाबाई जिवंत झाली, असं अम्मी म्हणाली. लातुरात व्यापारी हजार आहेत, ती म्हणाली, पण माझी सही चुकली असं लिहून देणारा मला एकच माहीत आहे.

नांदेडला मॅनेजरसाहेब त्यांच्या वडिलांच्या घरी ओसरीत बनियनवर बसले होते, आम्हाला पाहून शर्ट घालून आले. सही करताना म्हणाले, परवाच केली होती की, फॉर्म हरवला का? माझे कान गरम झाले, नववीतल्यासारखे. अम्मी म्हणाली, "नाही. चूक झाली होती. आमच्या घरात झाली." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. आमच्या घरात, असं म्हणाली ती, आणि त्या दोन शब्दांच्या आड मी उभी होते, पूर्ण झाकलेली. गोदावरीच्या पुलावरून परत येताना मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. माझे आजोबा, तिचे वडील, नांदेडच्या कोर्टाबाहेर उर्दूत अर्ज लिहून द्यायचे, चटईवर बसून. तिनं खुर्चीपर्यंत यायला किती वर्षं घेतली असतील याचा हिशेब मी त्या आधी कधी केला नव्हता. मला एकदम सगळ्यांचे उपकार आठवायला लागले, आजोबांचे, अब्बांचे, कंडक्टरचेसुद्धा, ज्यानं आम्हाला दोघींना एका सीटवर जागा करून दिली.

रविवारी आम्ही आप्पांच्या घरी गेलो. ते पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं होतं त्याहून बारके निघाले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात काठी, डोळे मात्र तुरीच्या दाण्यासारखे बारीक आणि टणक. मुनीमजीही तिथंच होते. अम्मीनं झालेलं सांगितलं तर ते म्हणाले, बाईसाहेब, अडतीत असंच चालतं, आणि तुमची पोरगी समोर उभीच होती की, न्हाई म्हनली न्हाई. ते बरोबरच होतं. मी खाली पाहिलं. आप्पा मला म्हणाले, "बसवंता माझ्यापेक्षा चांगली करतो का न्हाई, अव्वा?" मी हो म्हणाले आणि ते खोकत खोकत हसले. मग हसू गेलं. अम्मीनं नवा अर्ज पुढं ठेवला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "वकीलबाई, शेवटची सही मी तुमच्याच कामात केली. धोंडाबाईच्या. त्याच्यानंतर हात उचलतच न्हाई. बँकेचं मुखत्यारपत्र बसवंताच्या नावानं करून टाकायचं होतं, त्याला अंगठा दिला मी." खोलीत धूपाचा वास होता. मुनीमजी जमिनीकडे बघत होते, त्यांना हे ठाऊक असणार, आणि मला वाटलं, इतकी वर्षं ते सही करत होते ती लबाडी म्हणून नाही, झाकण म्हणून, जसं काल अम्मीनं मला झाकलं. पण झाकण वेगळं आणि अर्ज वेगळा. अम्मीनं गयावया केली नाही. उद्या पाचची मुदत आहे एवढंच तिनं सांगितलं. न राहवून मीच बोलले, म्हणाले, आप्पा, माझी अम्मी खरंच चांगलं काम करते. ते म्हणाले, "तू तिची पोरगी. तू म्हननारच. मी बगितल्याबिगर आता कशावर सही करणार न्हाई." अम्मी उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग बघायला या, आप्पा. मी साडेदहाला बसते."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. सोमवारी अम्मीनं शाळेसाठी चिठ्ठी दिली आणि मी कोर्टात तिच्या टेबलामागं स्टुलावर बसले. पत्र्याच्या शेडखाली ओळीनं वकिलांची टेबलं, टाइपरायटरांचा कडकडाट, शिळ्या चहाचा वास. पावणेअकराला रिक्षा थांबली आणि आप्पा उतरले. ते अम्मीच्या समोरच्या बाकावर बसले, जिथं पक्षकार बसतात, आणि दोन्ही हात काठीवर ठेवून बघायला लागले. अम्मीनं त्यांना नमस्कार केला आणि कामाला लागली.

मी अम्मीला काम करताना शंभर वेळा पाहिलं असेल, पण ते तिच्या बाजूनं. त्या दिवशी मी स्टूल सरकवून आप्पांच्या बाजूला गेले आणि तिकडून पाहिलं. एक बाई आली, बोलता बोलता सारखी थांबायची, अम्मी तिच्या थांबण्याच्या आत शिरत नव्हती, पेन उचलून वाट बघायची. एका माणसाला शपथपत्रातलं एक वाक्य कळलं नव्हतं तरी तो कळलं म्हणाला, तर अम्मीनं त्यालाच ते पुन्हा सांगायला लावलं, आणि तो चुकला तेव्हा तिनं वाक्यच बदललं. दुपारी एकजण वाटणीपत्राचा कागद घेऊन आला, त्यावर भावाचा अंगठा आधीच उठलेला. भाऊ कुठंय, अम्मीनं विचारलं. तो म्हणाला, त्याचा अंगठा आनलाय की मी. बाकावरचे हसले. अम्मी म्हणाली, अंगठा आला तसा माणूसही आणा. तो चिडला, शेजारच्या टेबलावर असलं विचारत न्हाईत म्हणाला, आणि मग जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाला की भाऊ बाहेर जीपमध्ये आहे, कमरेखाली हलत न्हाई, उतरवायचं कसं. अम्मी उठली. कागद आणि शाईचं पॅड घेऊन ती भर उन्हात जीपकडे चालू लागली, आणि माझ्या शेजारी काठी वाजली. आप्पा तिच्या मागं निघाले होते. जीपपाशी ते दोन पावलं लांब उभे राहिले, मान वाकडी करून आत बघत. आत पडलेल्या माणसाला अम्मीनं नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, मग विहीर कुणाकडे जाणार आहे ते विचारलं. त्या माणसाला माहीत नव्हतं की विहीर भावाकडे जाणार आहे. तो आधीचा कागद तिथंच फाटला. दोघं भाऊ जीपमध्ये भांडले, मग गप्प झाले, मग नव्यानं बोलले, आणि या सगळ्यात पावणेचार वाजले.

मी सारखी अब्बांनी दिलेलं घड्याळ बघत होते. चार. चार वाजून दहा. आप्पा परत बाकावर बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, झोपलेत की काय कळेना. अम्मी घड्याळाकडे एकदाही पाहत नव्हती, आणि मला पहिल्यांदा समजलं की ती घाबरलेली आहे. तिच्या टाचा जमिनीवर हलत होत्या, टेबलाखाली, जिथं आप्पांना दिसणार नाहीत. मला ओरडावंसं वाटलं, आप्पा, करा ना. त्या वर्षीची माझी सगळी हिंमत घशापर्यंत आली आणि मी ती गिळली. आयुष्यात मी गप्प बसायचं पहिल्यांदाच कष्टानं शिकत होते. सव्वाचारला आप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "कुठाय कागद?"

अम्मीनं अर्ज पुढं ठेवला. यात काय म्हनलंय ते वाचा, ते म्हणाले. तिनं इंग्रजीतला एकेक शब्द मराठीत करून वाचला, स्वतःचं नाव, शिक्षण, वर्षं, सगळं. शेवटाला ते म्हणाले, "कोन मेलेलं न्हाई ना यात?" अम्मी म्हणाली, "नाही, आप्पा. मी आहे फक्त." त्यांनी पेन घेतलं. खूप वेळ टोक कागदाच्या वर नुसतं थांबून राहिलं, टाइपरायटर चालूच होते, आणि मग ते टेकलं. लाट आली नाही. शेपटी आली नाही. गु, रु, पा, एकेक अक्षर सुटं, मधे थांबून, शाळेच्या पाटीवर काढावं तसं. मुनीमजींच्या सहीशी त्याचं काहीही नातं नव्हतं. मला ती कधीच काढता आली नसती. चाल सापडायला तिथं चालच नव्हती, नुसता एक माणूस होता, एका अक्षराकडून दुसऱ्या अक्षराकडे जात असलेला. अम्मीनं अर्ज घेतला, त्यांच्यापुढं मान झुकवली आणि ती निघाली. दहा पावलं चालत गेली, मग काळा कोट दोन्ही हातांनी धरून पळाली. माझी अम्मी कोर्टात पळाली. साडेचारला आवक खिडकीवर अर्ज पोचला, हे तिनं मला नंतर सांगितलं. मी तेव्हा तिच्या मागं गेलेच नाही.

मी आप्पांपाशी राहिले. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, बोटं उघडत मिटत. तेवढ्यात निलंग्याकडचा एक पटकेवाला म्हातारा कागदांची गुंडाळी घेऊन आला आणि बाकाच्या टोकाला अर्धवट टेकला. वकीलबाई येतील का वापस, त्यानं आप्पांना विचारलं, आणि तुमचा लंबर माझ्या आदी हाय का?

आप्पा काठीवर जोर देऊन उठले. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आधारासाठी की आशीर्वादासाठी ते मला कळलं नाही, आणि म्हाताऱ्याला बाकाची मधली, सावलीतली जागा मोकळी करून दिली.

"माझं झालं," ते म्हणाले. "तुमी बसा निवांत. बाई येतेत."